गावठाणातले जुने वाडे पाडायला बंदी पाहिजे का?

उमरेडरोडवाला: आमचं गाव आता नागपूरला चिकटलंच आहे, अन् गावठाणातले जुने वाडे लोकं भराभर पाडून राहिले. सहा होते, चार उरले, चौकातल्या वाड्याचंही बिल्डरशी बोलणं सुरू आहे म्हणते. सागवानी खांब कवेत मावत नाही इतके जाड, ढेलजेत, म्हणजे समोरच्या देवडीत, दोन्हीकडे ओटे, मधात चौक, वर कवेलू, मे महिन्यात बाहेर 45-46 डिग्री असते तेव्हाही माजघरात दुपारी झोप लागते, मी स्वतः झोपलोय. सक्करदरा, फुटाळा ही पण एकेकाळी गावंच होती ना, गोंड राजा बख्त बुलंद शाहानं अशा 12 वस्त्या जोडून नागपूर वसवलं, आज तिथं गाव कुठं दिसते? माझं स्पष्ट म्हणणं, समोरचा भाग तरी पाडायला बंदी पाहिजे.

सांदवाडी: दादा, तुम्ही उन्हाळ्यात झोपले, पावसाळ्यात झोपले का? आम्ही अशाच घरात राहतो. दरवर्षी मिरगाच्या आधी कवेलू फेरायचे, माकडं आली की पुन्हा फुटले, फेरणारा माणूस मिळत नाही. आई सत्तरीची आहे, रात्री पावसात अंगण ओलांडून संडासला जाते. आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या कागदावर, अकरा नावं, दोघं पुण्याला, एका काकाशी बोलणं नाही, मग दुरुस्तीला सही कोण देईल अन् बँक लोन कोणाच्या नावावर देईल? बंदी घालणारे घालून जातील, भिंत आमच्या अंगावर पडेल.

हिंगणारोड: ताईंशी सहमत. ज्याचं घर त्याचा हक्क. टीडीआर, म्हणजे इथं न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला, मिळतो म्हणतात, तो वारसा यादीतल्या वास्तूला, गावठाणातल्या मातीच्या घराला कोण देते?

महालवाला: ताई, भिंत कशानं पडते ते बघा आधी. माती-चुन्याची भिंत ओल ओढते तशी बाहेर सोडते पण, वरून सिमेंटचं प्लास्टर मारलं की ओल आतच अडकते, माती भुसभुशीत होते, खांबाचं बूड सडते. आमच्या घरी बाबांनी हेच केलं, चांगल्यासाठीच केलं, अन् काही वर्षांत मागची भिंत गेली. म्हणून सांगून राहिलो. नागपूरच्या महाल भागातला चिटणवीस वाडा एकदा बघून या. भोसल्यांचा राजवाडा 1864 च्या आगीत गेला, नगारखान्याचा दरवाजा उरला, आज नातवाला दाखवायला तेवढाच आहे.

सांदवाडी: चिटणवीसांची गोष्ट वेगळी भाऊ, आमच्याकडे चुन्याचं काम येणारा गवंडीच नाही. पण प्लास्टरचं पटलं, आमच्या भिंतीलाही खालून तीन फूट सिमेंट मारलेलं आहे अन् ओल त्याच्या वरतीच दिसते.

उमरेडरोडवाला: बंदी हा शब्द मी मागे घेतो ताई, सत्तरीच्या आईचा विचार मी केला नव्हता. पण ढेलज अन् समोरचा ओटा ठेवून मागे दोन खोल्या अन् संडास-बाथरूम पक्कं बांधलं तर? मोजमाप अन् फोटो काढायला रविवारी मी येतो.

सांदवाडी: या. अकरातल्या सहा जणांना तरी आज फोन करते.

हिंगणारोड: मी तरी पाडाच म्हणेन. अन् ठेवायचंच असेल तर मागच्या बोळीतून रेती-गिट्टी आत जाते का ते बघा आधी, आमच्याकडे ट्रॅक्टर जाईना म्हणून शेवटी ढेलजच पाडावी लागली.