फसलेले लॉगिन कनेक्शन-स्टार्टमध्ये दिसत नाहीत

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या कनेक्शन-स्टार्ट प्रोबवर (प्रोब म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये ठरावीक घटना घडली की वाजणारा निरीक्षणबिंदू) गणती लावली की जोडणीचे सगळे प्रयत्न मोजता येतात, असं म्हटलं जातं. इथे एक मोठी गफलत होते. हा प्रोब लॉगिन यशस्वी झाल्यावरच वाजतो. कनेक्शन आयडी, युजर आणि होस्ट छान मिळतात, पण चुकीच्या पासवर्डने दार ठोठावणारा त्यात येतच नाही. आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो!

शिवाय डीट्रेस या निरीक्षण-साधनासाठीचे हे प्रोब मायएसक्यूएल ८.० मध्ये काढून टाकले आहेत. त्यामुळे आता लिनक्सवर बीपीएफट्रेस हे तशाच कामाचं साधन वापरणं बरं. मी दोन ठिकाणी मोजतो. पहिलं कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), नेटवर्कवरची जोडणी स्वीकारणाऱ्या आयनेट_सीएसके_अ‍ॅक्सेप्ट या फंक्शनच्या परतीवर, फक्त पोर्ट ३३०६ (मायएसक्यूएलचं नेहमीचं पोर्ट) धरून. दुसरं सर्व्हरच्या बायनरीत (चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये), लॉगिन तपासणाऱ्या एसीएल_ऑथेंटिकेट या फंक्शनवर यूरेटप्रोब (फंक्शन परतताना वाजणारा प्रोब) लावून: परतीचं मूल्य शून्य म्हणजे आत, नाहीतर नकार. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तर लोक पासवर्डपर्यंत पोचायच्या आधीच गळताहेत. तेव्हा एका वेळी किती जोडण्या चालतील ते ठरवणारी मॅक्स_कनेक्शन्स ही सेटिंग आधी बघा; मूळ मर्यादा फक्त १५१ आहे.

युनिक्स सॉकेटवरून (त्याच मशीनवरच्या, नेटवर्कशिवायच्या मार्गाने) येणारे स्थानिक क्लायंट मात्र पहिल्या मोजणीत येत नाहीत, हे कृपया विसरू नका. सी++ मुळे दुसऱ्या मोजणीतल्या फंक्शनचं नाव बायनरीत जसंच्या तसं नसतं, संकेती रूपात गुंडाळलेलं असतं, आवृत्तीगणिक बदलूही शकतं. अपग्रेडनंतर ते पुन्हा शोधावं लागतं. फसलेल्या प्रयत्नांचा नुसता एकूण आकडा पुरेसा असेल तर अबॉर्टेड_कनेक्ट्स हे स्टेटस व्हेरिएबल आहेच, त्याला प्रोब लागत नाही.