मालवण खाडीकाठी १२ गुंठे आणि जुनं घर : सामाईक सातबारा असताना घ्यावं का?

पाणकणीस

मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत १२ गुंठे जागा आणि त्यावरचं चिरेबंदी कौलारू घर विक्रीला आहे. मूळ हिस्सा नंबर ४६ गुंठ्यांचा, सातबारावर १४ नावं. विकणारे म्हणतात, आजोबांच्या वेळची तोंडी वाटणी आहे, गडगे (दगडी कुंपणं) घातलेले आहेत, घरपट्टी आमच्याच नावावर आहे, कोणी हरकत घेणार नाही. चौदापैकी तिघे मयत, एक चुलतभाऊ दुबईत, बाकीचे बहुतेक मुंबईला. किंमत ५२ लाख. त्यातले ३० लाख खरेदीखतात दाखवायचे आणि उरलेले रोख, असा आग्रह आहे. चौपदरी महामार्ग, चिपीचा विमानतळ आणि होऊ घातलेला सागरी महामार्ग यांमुळे दर चढतायत, तेव्हा पंधरा दिवसांत ५ लाख इसार द्या म्हणतात.

माझ्या स्वतःच्या नावे साताऱ्यात सातबारा आहे. आता न्याहारी-निवास चालवायचा आणि सात-आठ वर्षांनी चांगला भाव आला तर विकायचं, असा विचार आहे. काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने?

कातळसडा

तुमच्या नावे सातबारा आहे, म्हणजे कूळकायद्याच्या कलम ६३ ची (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, त्याची) अडचण नाही. मूळ गावच्या तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा, दस्ताच्या वेळी लागतो.

खरी अडचण ती १४ नावं आहेत. तोंडी वाटणी कायद्याला अमान्य नसते, पण ती सातबारावर उतरलेली नसेल तर तुम्ही गडग्यांमधले १२ गुंठे विकत घेत नाही. तुम्ही ४६ गुंठ्यांतला अविभक्त हिस्सा विकत घेता. खरेदीखतात चतुःसीमा कितीही नीट लिहिल्या तरी विकणाऱ्याकडे जे नाही ते तुमच्याकडे येत नाही. त्यात राहतं घर असेल तर आणखी वाईट. एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला सामाईक ताबा मागता येत नाही, वाटपाचा दिवाणी दावा लावावा लागतो. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग एकच्या (मुलगा, मुलगी, विधवा, आई अशा जवळच्या) सहवारसांना अग्रहक्क, म्हणजे तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क असतो. आज गप्प असलेला भाऊबंद किंमत कळल्यावर गप्प राहील असं धरून चालू नका.

आणि १४ नावं म्हणजे १४ हक्कदार नव्हेत. जुन्या फेरफारांत (हक्कबदलाच्या नोंदींत) एका भावाचं नाव 'ए.कु.क.' म्हणून लागलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. त्याच्यामागे बाकीच्या भावांचे हक्क दडलेले असतात. बहिणींची नावं तर अनेक ठिकाणी लावलेलीच नसतात. नाव नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही. २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून मानला आहे. म्हणून सातबारावर वर्तुळात दिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक काढा आणि मागे मागे जात वंशावळ स्वतः कागदावर मांडा. विकणाऱ्याने दिलेली वंशावळ त्याच्याशी ताडून बघा. कोणाची मुलगी राहिली असेल तर ती इथेच सापडते.

घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नाही. तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो.

क्रम असा ठेवा. आधी तिन्ही मयतांची वारस नोंद. मग वाटणी: सगळे सहधारक तयार असतील तर तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली अर्ज किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. त्यानंतर भूमि अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी आणि आकारफोड (हिश्श्यांनुसार शेतसारा विभागणं). त्यातून १२ गुंठ्यांचा स्वतंत्र हिस्सा नंबर आणि स्वतंत्र सातबारा तयार होतो. खरेदीखत त्याच्यावर करा. हे विकणाऱ्याने करून द्यायचं काम आहे, आणि त्याला महिने लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या हक्कदारांनी, बहिणींसकट, खरेदीखतावर लिहून देणार किंवा संमती देणार म्हणून सह्या करणं. कोकणात हाच जास्त चालतो. पण एकही सही कमी पडली की सगळं पोकळ. एखादा वारस अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आईची सही पुरत नाही. दुबईच्या भावाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित झालेलं हवं आणि भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलेला हवा. हे राहून जातं आणि दस्ताच्या दिवशी अडतं.

आता तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला बंदी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे सिंधुदुर्गात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. म्हणजे तुमचे १२ गुंठे सातबारावर जिरायत असतील तर वाटणीच अडते, बागायत असतील तर निघते. माड डोळ्यांना दिसतात म्हणून बागायत असं नाही. क्षेत्राच्या रकान्यात आणि गाव नमुना बारामध्ये काय लिहिलंय ते बघा. २०२५ मध्ये निवासी आणि इतर बिगरशेती झोनमधल्या जागांना या कायद्यातून सूट मिळाली, शेती झोनला नाही. त्यामुळे नगर रचना कार्यालयाचा झोन दाखला पहिल्याच आठवड्यात मागवा.

खाजणकाठ

कागद वरच्या प्रतिसादात आले. मी जागेबद्दल लिहितो.

खाडीकाठ म्हणजे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र). २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात खाडीच्या भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. उघड्या समुद्रकिनारी हेच अंतर लोकसंख्येची घनता कमी असलेल्या गावांत २०० मीटर आहे. ही रेषा ओहोटीच्या पाण्यापासून टेपने मोजायची नसते. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची उच्चतम भरतीरेषा धरायची आणि हिस्सा नंबर त्यावर बसवून बघायचा. त्यासाठी अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा नकाशा करून घेता येतो.

काठाला कांदळवन (खारफुटी) असेल तर वेगळं बघा. सलग कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा धरला जातो. तिथे गडगा घालणं, भराव टाकणं, चिपीची (खारफुटीतल्या एका झाडाची) एक फांदी तोडणंसुद्धा गुन्ह्यात जातं. १२ गुंठ्यांतले ५ गुंठे या पट्ट्यात गेले तर किंमत उरलेल्या ७ गुंठ्यांचीच करा.

जुनं घर ना-विकास पट्ट्यात असलं तरी दुरुस्ती करता येते, पण आहे त्याच जोत्यावर आणि आहे तेवढ्याच क्षेत्रात. न्याहारी-निवासासाठी मागे दोन खोल्या वाढवू हा बेत असेल तर तो तिथे चालणार नाही. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. विकणाऱ्याने मधल्या काळात न्हाणीघर, शेड असं काही वाढवलं असेल तर ते जुन्या घरपट्टीच्या क्षेत्रफळाशी जुळवून बघा. अनधिकृत भाग घेतल्यावर तो तुमचा होतो.

गावठाणापासून २०० मीटरच्या आत असेल तर बिगरशेती मानली जाते, असं दलाल सांगतील. महसूल अधिनियमाचं कलम ४२-ड खरं आहे. पण कोकणात कित्येक वाड्या गावठाणापासून लांब आहेत. गावठाणाची हद्द नकाशावर कुठे आहे ते बघितल्याशिवाय त्या २०० मीटरवर भरवसा ठेवू नका, आणि सीआरझेडचं बंधन त्याने उठत नाही.

विहीर मे महिन्याच्या शेवटी बघा, तीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. तेव्हा पाणी खारं लागलं तर न्याहारी-निवासाचा हिशेब टँकरवर जातो. मृग लागल्यावर सगळ्याच विहिरी गोड होतात. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत देऊन क्षारांचं प्रमाण लेखी घ्या.

घर मात्र भर पावसात बघायला हवं. चिरा सहसा दगा देत नाही, लाकूड देतं. खांबाचा तळ जिथे दगडावर टेकतो तिथे आणि वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचून बघा. आत मऊ लागलं किंवा भुसा आला तर वाळवीने आतून पोखरलंय. असे तीन-चार वासे निघाले तर अख्खं छप्पर उतरवायचा खर्च धरा. पागोळ्या जोत्यालगत पडत असतील आणि चिरे मातीत बसवलेले असतील तर खालच्या दोन थरांतली माती धुऊन गेलेली असते. पडवीच्या कोपऱ्यात उभी भेग दिसते ती त्यामुळे. त्यावर नुसता सिमेंटचा गिलावा मारून विकायला काढलेलं घर असेल तर जास्त सावध व्हा.

वाट विसरू नका. बऱ्याच घरांची वाट चुलतभावाच्या खळ्यातून असते. आज चालतात, कारण घरचे आहेत. तुम्ही परके. गाडी जाईल एवढ्या रुंदीचा वहिवाटीचा हक्क त्या भावाच्या सहीने, नकाशासह, नोंदणीकृत दस्तात आला पाहिजे. नंतर मामलेदार न्यायालयात किंवा महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली रस्ता मागता येतो, पण त्यात वर्षं जातात.

पाणकणीस

दोघांचेही आभार. डिजिटल सातबारा काढला. क्षेत्र बागायत आहे, पीकपाहणीत नारळ. इतर हक्कात मात्र 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी नोंद आहे. विकणारे म्हणतात, ती जुनी नोंद आहे, सगळ्यांच्याच सातबारावर असते.

कातळसडा

सगळ्यांच्या सातबारावर असते हे कोकणापुरतं बरंचसं खरं आहे, पण म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. ही जमीन कुळाला मिळालेली आहे. त्यांच्याकडे कलम ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र मागा. ते मिळून १० वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार जमिनीच्या आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विक्री करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. कोकणात आकारच इतका कमी असतो की आकार साडेतीन रुपये असला तर नजराणा १४० रुपये होतो. पैशाचा प्रश्नच नाही, चलन भरून कागद दस्ताला जोडायचा एवढंच. तो न जोडता केलेली विक्री कायद्याने अवैध ठरू शकते.

३२-म प्रमाणपत्रच नसेल तर तिथेच थांबा. याचा अर्थ कुळाची खरेदी कदाचित पुरी झालेलीच नाही.

त्याच रकान्यात खाजगी वन, वनसंज्ञा (सरकारने वन म्हणून नोंदलेली जमीन), आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन), देवस्थान असा शब्द कुठे आहे का तेही बघा. यांतला प्रत्येक शब्द सिंधुदुर्गात खरेदी वर्षानुवर्षं अडकवून ठेवू शकतो.

हिशेबवही

रोख रकमेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. त्यामुळे विकणाऱ्यालाच सांगा की हा धोका तुमचा आहे. तुमचं नुकसान नंतर होतं. खरेदीखतात ३० लाख दाखवले की तुमची खरेदी किंमत कायमची ३० लाख. सात-आठ वर्षांनी ७० लाखांना पांढऱ्यात विकलंत तर कागदोपत्री नफा १८ नव्हे, ४० लाख. जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मालमत्तेला महागाईच्या निर्देशांकाची वजावट नाही, दीर्घ मुदतीच्या करपात्र नफ्यावर सरळ १२.५ टक्के. शिवाय कर्ज घ्यायचं तर बँक दस्तातली किंमत बघते, आणि सामाईक सातबारावर बहुतेक बँका कर्ज देतच नाहीत.

विकणाऱ्यांना ३० लाख दाखवायची गरज कर वाचवण्यासाठी वाटत असेल तर त्यांना हे दाखवा: ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत धरली जात नाही. मालवण नगरपरिषदेची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि लाखाच्या आत आहे, म्हणून हद्दीपासून हवाई अंतराने २ किलोमीटरच्या पलीकडे शेतजमीन असेल तर तिच्यावर भांडवली नफ्याचा करच नाही. कर फक्त घराच्या किमतीवर येईल, आणि घर वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. जमीन आणि घर यांची किंमत दस्तात वेगवेगळी लिहा. बहुतेक वेळा कर इतका कमी निघतो की काळ्याचा आग्रह आपोआप सुटतो.

दर चढतायत हे बोलणं सूची क्रमांक २ मध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात) तपासा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच गावाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे दस्त काढा आणि रेडी रेकनरशी (सरकारी दरपत्रकाशी) ताडा. काही दस्तांत किंमत कमी दाखवलेली असते हे खरं, पण व्यवहार किती झाले हे त्यावरून कळतंच. वर्षाला दोनच व्यवहार होत असतील तर सांगितलेला दर हा मागितलेला दर आहे, मिळालेला नव्हे. आणि शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, त्यामुळे तुमचं गिऱ्हाईकही मोजकंच असणार. विमानतळ, महामार्ग यांचा फायदा स्वतंत्र सातबारा आणि कायदेशीर वाट असलेल्या जागेला आधी मिळतो. सामाईक जागा बाजार चढला तरी मागे राहते. वाटणी करून घेण्यात गेलेले महिने भावात भरून निघतात असं माझं स्पष्ट मत आहे.

कातळसडा

इसार द्यायचाच असेल तर बिनशर्त पावतीवर देऊ नका. नोंदणीकृत साठेकरार करा, रक्कम लहान ठेवा, धनादेशाने द्या, आणि अटी लिहा: वारस नोंदी, स्वतंत्र सातबारा, ३२-म आणि नजराण्याचं चलन, वाटेचा दस्त. ठरल्या मुदतीत यांतलं एक जरी झालं नाही तर इसार परत. यावर सह्या होण्याआधी स्थानिक वृत्तपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस द्या आणि ई-कोर्टवर चौदाही नावांनी दावे शोधा. चालू दाव्यातली मालमत्ता घेतली तर त्याचा निकाल तुम्हालाही बांधतो.

मोजणीचा अर्ज खातेदारालाच करता येतो, तुम्हाला नाही. शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटीस पोचल्याची पोच बघून घ्या, मुंबईच्या पत्त्यांवरची विशेषतः. नोटीस न पोचता झालेल्या मोजणीवर एखादा शेजारी नंतर अपील करतो आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात असून हद्द पुन्हा वादात जाते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि खुणांच्या जागी तिथल्या तिथे चिरे पुरून घ्या.