मुलांना चिडवतात तेव्हा घरी काय केलंत? अनुभव लिहा

अबोली:
शाळा सुरू झाल्या. आज बालरथाची, म्हणजे इथल्या गोव्यातल्या शाळेच्या बसची, वाट बघताना एक मुलगा सगळ्यांपासून लांब, दप्तर पोटाशी धरून उभा होता. पाठीला लावलं की मागून ओढतात म्हणे. मला थेट माझी पाचवी आठवली. चौथीपर्यंत गावची सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. मला वर्गाबाहेर जायचं होतं आणि मी विचारलं, 'मे आय कम इन?' वर्षभर पोरं तेच ऐकवत होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती डब्यात एक चपाती जास्त घालायची, 'शेजारी बसते तिला दे' म्हणायची आणि संध्याकाळी अभ्यासाच्या आधी विचारायची, 'आज कोणाबरोबर जेवलीस?' दिवाळीपर्यंत मला मैत्रीण मिळाली. चिडवणं लगेच थांबलं नाही, पण ऐकायला आम्ही दोघी होतो. तुम्ही काय केलंत? मुलांची नावं, शाळा नकोत.

साखळीकर:
आमच्या मुलाला 'घाटी' म्हणायचे. आम्ही मूळचे चंदगडचे, म्हणजे घाटावरचे, तो जन्मला इथेच. 'दुर्लक्ष कर' सांगून काही होत नाही, गप्प बसणाऱ्याला पोरं जास्तच टोचतात. रात्री जेवणं झाली की मी चिडवायचो, त्याने उत्तर द्यायचं. रडू आलं की थांबायचं, पाणी प्यायचं, परत सुरू. शेवटी त्याचं त्यानेच ठरवलं. मान वर, आवाज न चढवता कोकणीत 'हय, मागीर?' (हो, मग?) म्हणायचं आणि खेळायला चालू पडायचं.

म्हापश्याची:
'हय, मागीर?' मस्तच!! लेकीला चष्म्यावरून चिडवतात, आजच शिकवते. पाववाला पोदेर हॉर्न वाजवतोय, नंतर लिहिते

बाईंचा वर्ग:
शिक्षिका म्हणून लिहिते. माझ्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, 'सावकाश बोल' म्हणायचं नाही, तो बोलेपर्यंत थांबायचं. हजेरीला 'येस टीचर' मी बंदच केलं, सगळ्यांनी हात वर करायचा. पालकांनो, चिडवणाऱ्याच्या घरी भांडायला जाऊ नका, आधी वर्गशिक्षकांना भेटा. कधी, कुठे, कोण होतं ते लिहून आणा. 'सगळेच चिडवतात' म्हटलं की आम्हाला कोणाला विचारायचं तेच कळत नाही. मारणं, पैसे मागणं, फोटो फिरवणं याला मस्करी म्हणू नका, लेखी तक्रार द्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रंदिवस. मूल स्वतःही फोन करू शकतं, नंबर पाठ करून घ्या.

अबोली:
बाई, हजेरीचं फार आवडलं. त्या मुलाला किती सुटल्यासारखं झालं असेल!

फोंडेकरीण:
माझी लेक कोणाशी बोलायचीच नाही. गणेश चवथीला भावाने तिच्या हातात कासाळं (झांजा) दिली आणि वाड्यावरच्या आरत्यांना घरोघर नेलं. तिथे बोलावं लागत नाही, ताल धरला की झालं. आता त्याच पोरांबरोबर शाळेत जाते, वाटेत भांडतेसुद्धा.

डिचोलीकर:
आरतीत वाजवतात ते मातीचं घुमट अजून घोरपडीच्या कातड्याचं असतं का हो?

फोंडेकरीण:
नाही हो, घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे. आता बकरीचं. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं ना.

डिचोलीकर:
मग बघतो आमच्याकडे कोण शिकवतं ते. मुलगा दुसरीत आहे, तोही फार मिसळत नाही.

फोंडेकरीण:
दादा, आधी कासाळंच द्या. घुमटाने बोटं दुखतात, लहान पोरं कंटाळून सोडतात.