धागा: 'अभ्यास त्याचा, मी विचारतही नाही' म्हणणाऱ्या बापांसाठी

उचगावचा मास्तर:
गल्लीच्या ग्रुपवर काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'पोरगा दहावीला आहे. अभ्यास त्याचा, जबाबदारी त्याची. मी विचारतही नाही.' खाली अंगठ्यांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, हात मारायला लागला की सोडतात. ह्यांनी डबा नाही, दोरी नाही, पोराला ढकलून घरी चहा प्यायला आले!

स्वतः शिकणं हेही शिकवावं लागतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं धडा चारदा वाचतात आणि 'आलं सर' म्हणतात. पुस्तक मिटून लिही म्हटलं की पाचव्या ओळीला गाडी बंद. ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मी चाचणीआधी पेपराच्या कोपऱ्यात 'किती पडतील' ते लिहायला लावतो. पहिल्यांदा सगळे शूर. चौथ्या चाचणीपर्यंत अंदाज जवळ येतो, मग कुठला धडा परत बघायचा हे मला सांगावं लागत नाही.

उद्यमबागेतला टर्नर:
आमच्या मागे कोण लागलं होतं मास्तर? बाप शेतात, आई भांगलणीला. मी लेथ बघून बघून शिकलो. पोरं परावलंबी राहिली तरच तुमचं चालतं.

उचगावचा मास्तर:
पहिल्याच दिवशी एकट्याला सोडलं होतं काय लेथवर?

उद्यमबागेतला टर्नर:
नाही. सहा महिने नुसता चुरा झाडला. खरं शेजारी उभा राहून कुणी लेक्चर दिलं नाही.

खानापूरची आई:
आमच्याकडे वेळापत्रक त्यानेच केलं, रंगीत स्केचपेननं. पहाटे साडेचारला उठणार! दोन दिवस उठला. मी ओरडले, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, तूच खोड, झेपेल तेवढंच ठेव. आता संध्याकाळी पाऊण तास आहे. पण तो होतो.

निपाणीकर:
सगळे मूळ दुखण्याला बगल देताय. आपल्या कर्नाटकात मराठी शाळेतल्या पोराला दहावीपर्यंत विज्ञान मराठीत, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तेच इंग्रजीत. 'प्रकाशसंश्लेषण' घोकलेलं पोर पहिल्या आठवड्यातच मुकं होतं. वर अर्ज, नोटिसा कन्नडमध्ये. पुस्तकच कळेना तर स्वतः शिकणार कशातून?

टिळकवाडीकर:
आलं, भाषेवर आलं! बेळगाव सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत पोरांनी वह्या मिटून बसायचं? कन्नड शिका की. माझी मुलगी शेजारच्यांशी बोलून शिकली.

निपाणीकर:
माझं पोर तिन्ही भाषा शिकतंय, उपदेश नको. तुमची मुलगी इंग्रजी माध्यमात असणार.

टिळकवाडीकर:
होय, आहे. आणि मुलीच्या शाळेवर घसरू नका. मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चात पुढे असणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, मोजा एकदा.

निपाणीकर:
माझी दोन आहेत. मोजा.

उचगावचा मास्तर:
भांडून झालं असेल तर ऐका. दहावीच्या परीक्षेला कॅमेरे लागले आणि राज्याचा निकाल २०२३ च्या ८३.८९ टक्क्यांवरून २०२४ ला ७३.४० वर आला, तोही ग्रेस मार्क वाढवून. ती पोरं काय एकट्या मराठी माध्यमाची होती? भाषेची अडचण आहे, नाही म्हणत नाही. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत पोरांना वहीत दोन रकाने पाडायला सांगतो, एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे इंग्रजी. शब्द मी देत नाही, त्यांनी शोधायचे.

निपाणीकर:
म्हणजे सरकारचं काम पोरांनी सुट्टीत करायचं. छान.

उद्यमबागेतला टर्नर:
मास्तर, ते कोपऱ्यातलं घरी करून बघितलं. गणितात ८० पैकी ७० लिहिले, पडले ४१. पोरगा रात्री जेवताना एक शब्द बोलला नाही. सकाळी बघतो तर भूमिती काढून बसलाय. तुमचं पटलं म्हणून सांगत नाही हां.

निपाणीकर:
माझ्याही थोरलीला लिहायला लावतो की. पीयूसीचा पेपर आहे, प्रश्नच कळला नाही तर कोपऱ्यात काय लिहायचं तेवढं सांगा.