आउटलेटच्या पाण्यात शेवाळाची वाढ अडकलीय, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कमी पडतोय का?

मुलुंडचा_मास्टर्सवाला
कॉलेजच्या गच्चीवर प्रोजेक्ट चालू आहे, एका सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी आणून टबमध्ये शेवाळ वाढवतोय, पाणी साधारण फूटभर, ढवळायला छोटी मोटर. एका टबात इनलेटचं, म्हणजे प्रक्रियेआधीचं, गाळून घेतलेलं पाणी, दुसऱ्यात आउटलेटचं, म्हणजे प्रक्रिया होऊन बाहेर पडलेलं. इनलेटवाला हिरवागार झालाय, आउटलेटवाला आधी बरा वाढला नि मग जागच्या जागी थांबला. त्याचा पीएच सकाळी ८ च्या आसपास असतो, दुपारी १० च्या वर. नायट्रेट, फॉस्फेट किटवर भरपूर दिसतंय आणि गच्चीवरच्या उन्हाबद्दल तर विचारूच नका. सर म्हणतात हवेत सीओटू आहेच की, कमी कसा पडेल?

ब्लोअरवाला
सरांचं बरोबर आहे पण हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के आहे, आणि संथ पाण्यात फार हळू उतरतो, भर उन्हात शेवाळ त्याच्या कितीतरी पट वेगाने ओढतं. सांडपाण्यात खरा पुरवठा जिवाणूंचा. ते बीओडी (पाण्यातली कुजणारी सेंद्रिय घाण) खातात, सीओटू सोडतात, तो शेवाळ घेतं आणि बदल्यात ऑक्सिजन देतं. तुझ्या आउटलेटमधला बीओडी आमच्यासारख्या प्लांटवाल्यांनी ब्लोअरने हवा सोडून आधीच संपवलाय, त्यातून निघालेला सीओटू कधीच उडून गेला. वर नायट्रेट भरपूर म्हणतोयस, म्हणजे नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) झालंय, त्यात दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) जाते. खत आहे, कार्बन नाही. १ किलो सुकं शेवाळ बनायला साधारण १.८ किलो सीओटू लागतो, आता तूच हिशेब कर.

टायट्रेशन_ताई
शेवाळ बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतं, पण मागे हायड्रॉक्साइड राहतं म्हणून पीएच चढत जातो. १०.३ च्या आसपास बायकार्बोनेट नि कार्बोनेट निम्मंनिम्म, आणि कार्बोनेट बहुतेक शेवाळांना वापरता येत नाही. म्हणजे दुपारचा १० चा आकडा हीच भुकेची खूण समज.
इनलेटच्या टबावरही लक्ष ठेव. तिथे अमोनिया आहे, पीएच ९.२ च्या पुढे गेला की निम्म्याहून जास्त अमोनिया वायूच्या रूपात येतो, तो शेवाळालाच मारक, शिवाय हवेत उडतो. फॉस्फेट कॅल्शियमबरोबर तळाला बसतं. आणि मग रिपोर्टमध्ये लोक बिनधास्त लिहितात की शेवाळाने इतके टक्के नायट्रोजन काढला!! 😀

खाडीकाठी
मग घाटकोपरच्या सांडपाण्याच्या लगूनमध्ये (तलावात) पण हाच प्रॉब्लेम येत असेल ना?

ब्लोअरवाला
नाही हो, ते एरेटेड (यंत्राने हवा देणारं) लगून, ऑक्सिजन मशीन देतं, पाणी खोल आणि गढूळ, शेवाळाच्या जिवावर काही चालत नाही. हा विषय उथळ, पॅडलव्हीलने (पात्यांच्या चाकाने) पाणी फिरवणाऱ्या तळ्यांचा, १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात ओस्वाल्ड यांनी त्यावर काम सुरू केलं. न्यूझीलंडमध्ये अशा तळ्यात सीओटू सोडून पीएच ८ च्या आसपास ठेवून बघितलंय, शेवाळ वाढलं.

मुलुंडचा_मास्टर्सवाला
भारी! मग थोडं अ‍ॅसिड टाकून पीएच खाली आणला तर चालेल का, सिलेंडरचा खर्च वाचेल

टायट्रेशन_ताई
नको रे. अ‍ॅसिडने आहे त्याच बायकार्बोनेटचा सीओटू होतो, थोडा शेवाळ खाईल, बाकी ढवळताना उडेल, आणि अल्कलिनिटी आधीच कमी आहे ती अजून खाली. सीओटू सोडला की अल्कलिनिटी तशीच राहते, फक्त पीएच उतरतो. आउटलेटचेच तीन टब कर, एक तसाच, एकात खायचा सोडा, एकात सीओटू. सोड्याने कार्बन मिळेल पण पीएच फारसा उतरणार नाही, म्हणजे अडचण कार्बनची की पीएचची ते वेगळं दिसेल. सिलेंडर, रेग्युलेटर क्रॉफर्ड मार्केटला अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडे विचार, पाणवनस्पतींच्या टाकीला हेच लावतात.

ब्लोअरवाला
आणि टायमर लाव, ऊन उतरलं की बंद. रात्री शेवाळ स्वतःच सीओटू सोडतं, तेव्हा गॅस सोडणं म्हणजे पैसे हवेत. मोठ्या प्लांटला तर विकत घ्यायचीही गरज नसते, डायजेस्टरच्या (गाळ कुजवायच्या टाकीच्या) बायोगॅसमध्ये ३०-४० टक्के सीओटूच असतो.