14 वर्षं डाळ मिलमध्ये काढली आणि मॅनेजर बाहेरून आला

मिलचा_माणूस, जळगाव
नमस्कार. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये 14 वर्षं आहे. पोती मोजण्यापासून सुरुवात केली. आमचे जुने प्रॉडक्शन मॅनेजर दिवाळीत निवृत्त झाले, तेव्हापासून खुर्ची रिकामी आणि काम माझ्याकडे. तुरीला तेल कधी चोळायचं, किती ऊन द्यायचं, रोलर कधी बदलायचा, सॉर्टेक्समधून, म्हणजे रंगावरून खराब दाणे वेगळे काढणाऱ्या यंत्रातून, चांगली डाळ बाहेर फेकली जातेय का, सगळं मीच बघायचो. घरी, सासरी सगळे धरूनच चालले होते.

मागच्या रविवारी शेठच्या मळ्यात भरीत पार्टी होती. मी पराट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर बामणोदची वांगी भाजत होतो, हात कोपरापर्यंत काळे. तेवढ्यात शेठनी एका पोराला पुढे आणलं, "हे आपले नवे मॅनेजर." फूड टेक्नॉलॉजी शिकलेला, वय 27. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून वांगी सोलत राहिलो. केळीच्या पानावरचा घास गिळवला नाही.

पगाराचं एवढं नाही. मला आधी बोलावून सांगायला हवं होतं. आता म्हणतात, त्याला काम शिकव. नवी तूर यायला लागलीये आणि मला गेटमधून आत जाववत नाही. मुलगी दहावीला आहे, नाहीतर केव्हाच सोडलं असतं. कोणी यातून गेलं असेल तर कसं निभावलं?

लोको_भुसावळ
"कायले जीव जाळतो, भो?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी नाही म्हणणार. शेडमध्ये 31 वर्षं काढली. रेल्वेत निदान सिनिऑरिटीची यादी लागते, खात्याची परीक्षा असते. तरी एकदा माझं नाव राहिलं, आणि दोन महिने माझा डबा तसाच घरी परत यायचा.

रागात राजीनामा देऊ नका. आधी आपला हिशेब काढा. ग्रॅच्युइटी म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 20,800 धरले तर 14 वर्षांचे 1,68,000 होतात. पीएफचं पासबुकही बघा. आकडा माहीत असला की माणूस शेठसमोर सरळ बसतो. बोला जरूर, पण सीझन उरकल्यावर.

धुळ्याची_ताई
दादा, काकांचं बाकी सगळं पटलं, पण सीझन उरकेपर्यंत थांबू नका. शेठला तुमची गरज आत्ताच आहे.

मी सरकारी नोकरीत. माझ्या गोपनीय अहवालात मला न कळवता "साधारण" शेरा मारला होता आणि बढती हुकली. सुप्रीम कोर्टाने 2008 साली देवदत्त खटल्यात सांगितलंय की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तो निकाल जोडून अर्ज केला. पद त्या वर्षी मिळालं नाहीच, पण शेरा कशावरून होता ते कळलं, त्या रात्री मला झोप लागली. खासगीत हा नियम नाही, म्हणून तुम्हाला तोंडानेच विचारावं लागेल. "त्याला का" नको, "मला का नाही" असं विचारा. आणि शिकवायचं असेल तर त्याचं पद आणि पगार मागा.

केळीवाला_रावेर
मी त्या पोराच्या जागी होतो. 26 व्या वर्षी केळी पिकवायच्या चेंबरवर सुपरवायझर झालो. तिथल्या जुन्या काकांनी तीन महिने मला काही सांगितलं नाही. तापमान चुकलं, एक अख्खी खोली मऊ पडली. बोलणी मला बसलीच, पण काकांनाही बसली, "तू होतास ना तिथे?" भाऊ, शिकवा, फक्त शेठला सांगून शिकवा.

मिलचा_माणूस, जळगाव
काल संध्याकाळी शेठकडे गेलो. काका, हिशेब खिशात लिहून नेला होता, काढावा लागला नाही. ते म्हणाले, निर्यातीचा माल घेणाऱ्यांची माणसं तपासणीला येतात, त्यांना डिग्रीवाला माणूस आणि इंग्रजीत कागद लागतात. "तू आहेस म्हणूनच मी नवा पोरगा घेऊ शकलो." मी म्हटलं, हे भरिताच्या आधी सांगायचं होतं. शेठ बराच वेळ गप्प बसले, मग चहा मागवला. ताई, पद-पगाराचंही बोललो. आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) सांगतो म्हणाले. तोवर थांबतो.

आज सकाळी तो पोरगा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन वाळवणावर आला. मी चार दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, दाताखाली धर. कट्‌ वाजला नाही. अजून एक ऊन लागेल म्हणून सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं.