पीपीएफ म्हणजे चोचले? दोन पावसाळे महाडच्या रस्त्याने या, मग बोलू

कोकणरस्ता: काल इथे एकाने पीपीएफबद्दल, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवतात त्या पारदर्शक संरक्षक फिल्मबद्दल, लिहिलं, "पीपीएफ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, सेरॅमिक कोटिंग पुरे." राहवलं नाही. सेरॅमिकचा थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी निथळतं, खडी अडत नाही. फिल्म दीड-दोनशे मायक्रॉनची, दगडाचा मार ती खाते. माझी आधीची गाडी पनवेल-चिपळूण करायची. दोन पावसाळ्यांत बॉनेटवर बावीस टवके. नखाने चाचपले तर कडेला गंज लागत होता. नव्या गाडीला आधी फिल्म, मग पूजा.

रंगखोली: चोचले मीच म्हणालो, अजूनही म्हणतो. वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. गेल्या महिन्यात एकाची फिल्म काढली, तर दाराचा रंग फिल्मसोबत सोलून आला, खाली लांबी (पुट्टी) दिसली. दार आधी बाहेरच्या गॅरेजात पुन्हा रंगवलेलं, मालकाला पत्ता नाही. शिवाय गाडीवरच ब्लेड फिरवून फिल्म कापतात, त्याच्या रेघा कायमच्या.

कोकणरस्ता: हा फिल्मचा दोष की कारागिराचा?

लालपरी६६: मूळ दुखणं रस्ता आहे! मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ला सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता कॉलेजात जाते. ताडपत्री न टाकता खडीचे डंपर धावतात, त्यांना कुणी अडवत नाही. काच मी दोनदा बदलली. तिला कुठली फिल्म लावू?

रंगखोली: रस्त्यासाठी वेगळा धागा काढा.

लालपरी६६: का काढू? खड्डा त्यांनी ठेवायचा आणि लाखभर रुपये आम्ही गाडीला गुंडाळायचे? गणपतीला माणगावात चार तास अडकलो होतो, मागे आई, पंच्याहत्तर वर्षांची. तुम्ही रंगाचं काय घेऊन बसलात!

कोकणरस्ता: दादा, राग खरा आहे. पण रस्ता होईपर्यंत गाडी घरी ठेवू का?

सोसायटी_पार्किंग: मी स्वस्तातली पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म लावली. पांढरी गाडी दीड वर्षात पिवळट पडली.

रंगखोली: तेच सांगतोय. टीपीयूच, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेनची फिल्मच घ्या. बॉनेट, पुढचा बंपर, आरसे, एवढ्यापुरतं मान्य करतो. छताला लावायचे पैसे देणार नाही म्हणजे नाही. आणि प्लॉटरवर, म्हणजे मशीनवर मापात कापून आणलेलीच लावून घ्या, गाडीजवळ ब्लेड दिसलं की चावी परत मागा.

लालपरी६६: आणि डंपरचं?